अर्ध्या मोटरीचं नाक

आमच्या गोठ्याच्या छपरावर दोन गोष्टी वाढल्या, एक तुंब्याचा वेल आणि दुसरी मी. वेल वर चढवायला म्हणून मला पाठवायचे आणि मी खाली उतरायचंच विसरून जायची. माय अंगणातून ओरडायची, "गिरजे, वेल तू आयेस का थो आये? उतर खाली!" तुंबा म्हणजे कडू भोपळा. पोट गोल, मान बारीक. खायच्या कामाचा नाही, पण वाळवून आतला गर आणि बिया काढल्या की असा टणक आणि हलका होतो, की त्याच्या जिवावर माणूस खोल पाण्यात उतरतो. आम्ही ढिवर. चांद्याच्या पूर्वेला, जिथं दर गावाला एक तळं आणि दर तळ्यामागं जंगल, तिथलं आमचं गाव. कमरेला तुंबा बांधून जाळं टाकायला जाणं आमच्याकडे चालण्याइतकंच साधं होतं, आणि घरातल्या सगळ्या तुंब्यांची देखरेख माझ्याकडे होती. कुठला कधी तोडायचा, किती दिवस वाळवायचा, तडा गेला तर राळ कशी भरायची, हे मला विचारूनच ठरे. पुढे मी मास्तरीण झाले, शुद्ध बोलायला शिकले, हेडमास्तरीणही झाले. पण तेवढा मोठा हुद्दा पुन्हा काही मिळाला नाही.

माझा थोरला भाऊ रामदास तेव्हा घुग्घुसला कोळशाच्या ट्रकांवर होता. सखूवैनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की हा सुट्टीवर येऊन तळ्यात आंघोळ करतो आणि मग आठ दिवस काळेच मासे निघतात. एका उन्हाळ्यात दादा नेहमीसारखा पायी आला नाही, गडगडत आला. लढाईच्या वेळची, कुणीतरी भंगारात टाकलेली एक गाडी त्यानं महिनोन्‌महिने खटपट करून उठवली होती. पुढे ड्रायव्हरची पेटी, मागे उघडा हौदा. तो म्हणाला, "हिले पिकप म्हणतेत." गावानं ऐकून घेतलं आणि तिला 'अर्धी मोटर' म्हणायला सुरुवात केली, कारण मागचा भाग बनवायचा राहून गेलाय असंच सगळ्यांना वाटलं. ते नाव ठेवलं कवडूकाकानं. कवडूकाका माझ्या बाचा चुलत भाऊ. त्याच्याकडे गावातल्या सगळ्यांत चांगल्या बैलांच्या बंड्या होत्या आणि तळ्याची मासळी चांद्याच्या बाजारात नेणं हे त्याचं पिढीजात काम. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, हौद्यात डोकावून पाहिलं आणि फार काळजीनं विचारलं, "बाकीची अर्धी कवा आणशीन, रामदास?"

चांद्याच्या वाटेवर, गावापासून कोसभर अंतरावर, एक उभा चढ आहे. त्याला आम्ही अस्वलचढ म्हणतो. पावसाळ्याच्या आधी दादानं पहिल्यांदा गाडीत गावची माणसं भरली आणि बाजाराला निघाला. सपाटीला गाडी हरणासारखी पळाली. चढ लागला तशी धापा टाकायला लागली, खोकली, काळा धूर सोडला आणि मध्यावर उभी राहिली. आम्ही सगळे उतरून ढकलायला लागलो तर ती आम्हालाच मागे ढकलायला लागली. तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला. कवडूकाकानं काही न बोलता बंडीचे बैल सोडले, मोटरीला दोर बांधला आणि आम्हाला चढावर ओढून नेलं. वर पोचल्यावर मात्र तो बोलला, आणि त्या वर्षी जंगलातल्या दर गावात ते वाक्य पोचलं. "अर्ध्या मोटरीले दोन बैल लावले का थे पूरी होते."

दादा तो सबंध पावसाळा गाडीखाली आडवा होता. धुळीनं इंजिनातल्या रिंगा खाल्ल्या होत्या, त्या त्यानं बदलल्या. आमच्या जेवणात गाडी आली. लाखोळीच्या डाळीचं वरण, भात आणि जवसाची चटणी पुढ्यात असायची आणि दादा कारबेटरबद्दल बोलत असायचा. एका दुपारी मी विचारलं, "पण झालं काय होतं तिले?" दादा म्हणाला, "कारबेटरवर हवेचा डब्बा राह्यते, धूळ गाळाचा. थो हिच्यावर नाईच. कोनीतरी काढून नेला. मी फडका बांधला तं थो धुळीनं भरते. अन् बोनटच्या आतली गरम हवा पिऊन राह्यली थे. दम कसा पुरन?" मला कळलं नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं उष्ट्या हातानंच माझं नाक चिमटीत धरलं. "आता खा भात. खा ना. चाव अन् गिय." मी दोन घास खाल्ले, डोळे बाहेर यायला लागले, मी हातपाय झाडले. "पाह्य," तो म्हणाला, "असं होते तिचं चढावर."

मला आयुष्यात जे काही सुचलं ते जीव कोंडल्यावरच सुचलं, पुढे परीक्षेतसुद्धा. त्या क्षणी माझे डोळे वर गेलेले होते आणि वर, खांबाच्या खुंटीला, माझा एक वाळलेला तुंबा टांगलेला होता. नाक सुटल्याबरोबर मी म्हणाले, "तुंबा लाव ना तिले."

वैनी हसली, माय हसली. बा हसला नाही, कारण तो जेवताना हसत नसे. पण दादाचा हात ताटातच थांबला. तो उठला, खुंटीवरचा तुंबा काढला, मानेकडचं तोंड ओठाला लावून आत हवा ओढली, सोडली, पुन्हा ओढली. मग त्याचं पोट थोपटत म्हणाला, "पोट मोठं, मान बारीक. तळ कापला का हवा आत याले मोठा रस्ता, अन् आत घुसता घुसता जोर धरन. अवं गिरजे!" तो उष्ट्या हातानं तसाच गाडीकडे गेला. त्या दिवशी त्याचं ताट मांजरानं संपवलं.

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणावं की जत्रा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जंगलातून हाताच्या मनगटाएवढा बांबू आणला. बांबूच्या आत पेरापेराला पडदे असतात, ते भट्टीत लाल केलेल्या गजानं जाळत जायचे. गज आत शिरला की फट् असा आवाज व्हायचा आणि गोडसर धूर निघायचा. एकेका आवाजाला अंगणात जमलेली पोट्टी टाळ्या वाजवायची. इंजिनाजवळ बांबू जळेल म्हणून तिथं घासलेटच्या डब्याच्या पत्र्याची वाकडी नळी. पत्रा आणि बांबू यांच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. बांबू बोनटच्या बाजूनं बाहेर काढून काचेच्या कडेनं उभा केला, धुळीच्या वर, माणसाच्या डोक्याहून उंच. त्याच्या टोकावर तुंबा: मान बांबूत खोचलेली, पोटाचा तळ कापून मोकळा केलेला, आणि ते उघडं पोट रस्त्याकडे तोंड करून. दोन तुंबे कापताना फुटले. प्रत्येक वेळी दादा माझ्याकडे असा पाहायचा की जणू मीच त्यांना फुटायला शिकवलं.

सांध्यातून धूळ शिरू नये म्हणून मी राळ आणि मेण वितळवून भरायला बसले. बा इतके दिवस या सगळ्याकडे पाठ करून जाळं विणत बसायचा. त्यानं माझी राळ भरण्याची रीत थोडा वेळ पाहिली, जाळं खाली ठेवलं आणि आला. "सर बाजूले. अशानं डोंगा बुडवशीन." मग आयुष्यभर होड्यांच्या फटी बुजवलेल्या बोटांनी त्यानं त्या मोटरीच्या सांध्यात चिंध्या दाबल्या, वर राळ ओतली, अंगठा फिरवला. दादा आणि मी एकमेकांकडे पाहून गप्प राहिलो. बोललो असतो तर तो उठून गेला असता.

राहिली होती धूळ गाळायची जाळी. ती वैनीनं दिली. घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळ्या, ज्यांनी आम्ही अंग घासायचो, त्या तिनं तुंब्याच्या पोटात गच्च बसवल्या आणि वरून माझ्या जुन्या जाळ्याचा तुकडा बांधला. दादा म्हणाला, जाळी तेलात भिजलेली पाहिजे, म्हणजे धूळ चिकटून बसते. घरात तेल एकच, मोहाच्या टोळीचं. उन्हाळ्यात मोहाच्या बिया, म्हणजे टोळी, वेचून आणायच्या आणि घाण्यावरून तेल काढून आणायचं. त्यातच आमची भाजी, त्यातच दिवा, त्यातच डोकं. वैनीनं ते सढळ हातानं ओतलं. "माहेरपणाले आलेल्या पोरीसारखी न्हाऊमाखू घातली," ती म्हणाली.

परवा माझ्या पुतण्यानं नवी गाडी घेतली आणि मला बोनट उघडून दाखवलं. हवा गाळायला आत कागदाची चुण्याचुण्यांची घडी होती. मी म्हणाले, छान आहे, पण यात भाजी करता येईल का? त्याला वाटलं, आत्याचं वय झालं.

गाडी हलवायच्या आधी मायनं पूजा केली. दादानं हँडल मारून ठेवलं होतं आणि इंजिन नुकतंच धरत होतं. मायनं तुंब्यापुढे हात नेऊन हळदकुंकवाची चिमूट सोडली आणि ती चिमूट खाली पडलीच नाही. तुंब्यानं ती आत ओढून घेतली. माय दोन पावलं मागे सरली, मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "घेतलं व बाई, देवीनं घेतलं." दादानं पायानं जोर दिला आणि मग तो आवाज आला. आजवर गाडी खोकायची, ओकायची. आता त्या तुंब्याच्या पोटातून हूंऽऽऽ असा भरदार, घुमणारा सूर निघाला. जोर द्यावा तसा चढणारा, सोडावा तसा उतरणारा. अस्वल मधाचं पोळं सापडल्यावर असंच गुणगुणत असेल. कुत्री घराघरांत शिरली. तळ्यावरचे बगळे उडाले. पोट्टी नाचायला लागली आणि मी, चांगली लग्नाला आलेली मुलगी, हौद्यावर चढून त्यांच्यापेक्षा जास्त नाचले. भर दुपारी आम्ही तशीच गाडी अस्वलचढावर नेली. मोकळी होती, पण एकदाही धाप न टाकता वर गेली. परत आलो तेव्हा माय म्हणाली, "तुमाले सांगाची गरज नाई. चढावरचा आवाज इथी चुलीपाशी येते. वर पोचला का मोकळा होते, मले समजलं." गावानं तुंब्याचं नामकरण त्याच दिवशी केलं: मोटरीचं नाक.

पौषात तळं काढायचं ठरलं तशी बैठक बसली. तळं सगळ्यांचं. एका दिवशी सगळ्यांनी मिळून मासळी काढायची आणि सगळ्यांची मिळून बाजारात जायची, ही रीत. बंड्यांनी नेली की पोचेपर्यंत ऊन चढायचं, अर्धी मासळी मऊ पडायची आणि चांद्याचा व्यापारी बोटानं माशांची गलफडं, म्हणजे कल्ले, दाबून तोंड वाकडं करायचा. दादा म्हणाला, या वर्षी गाडीनं नेऊ, दिवस उगवता उगवता पोचवतो. सगळे कवडूकाकाकडे पाहायला लागले. कवडूकाकानं पान चघळत विचारलं, "अन् चढावर बसली तं? साऱ्या गावची मसोळी कावळ्याले घालाची का?"

दादा काही बोलायच्या आत बा बोलला. आमच्या घरात एक मान होता. तळ्यात पहिलं जाळं आमच्या घरानं टाकायचं. बाच्या आधी आज्यानं, त्याच्या आधी त्याच्या बापानं. ते पडल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं जाळं पाण्याला लागायचं नाही. बा म्हणाला, "मसोळी सडली तं पुढल्या सालापासून पयलं जाळं माह्या घरचं नाई. तू टाकजो, कवडू." कवडूकाकाचं पान चघळणं थांबलं. मला आठवतं, मी कुडाच्या आडून ऐकत होते आणि माझा हात आपोआप नाकावर गेला.

तळं संध्याकाळी काढलं. बानं पहिलं जाळं टाकलं. ते हवेत उघडतं तेव्हा आभाळाला चाळणी लावल्यासारखं दिसतं, आणि त्या दिवशी मला ते खाली येऊच नये असं वाटलं. रोहू, कतला, मरळ काठाजवळ उथळ पाण्यात जाळ्याच्या कुंपणात जिवंत ठेवली आणि पहाटे उपसून टोपल्यांत भरली. थंडी अशी की पाण्यातून निघालेले पाय आपलेच आहेत का ते चिमटा घेऊन पाहावं लागे. काठावर शेकोट्या होत्या, आणि गाडी एका मोठ्या शेकोटीला लागूनच उभी होती. वैनीनं आदल्या दिवशी नाकात पुन्हा सढळ तेल घातलं होतं. बंड्या कुठं दिसत नव्हत्या. कुणीतरी म्हणालं, कवडूकाका मोकळ्या बंड्या घेऊन आधीच कुठं तरी गेला.

मी गाडीवर जाणार हे ऐकून माय म्हणाली, "पोट्टी कायले मोटरवर?" दादा म्हणाला, "फांद्या लागून तुंबा फुटला तं कोन जोडन? मी?" बा म्हणाला, "तळ्यात उतरते तं मोटरवर काऊन नाई?" आणि स्वतः पुढे दादाशेजारी बसला. मी हौद्यात, टोपल्यांवर अंथरलेल्या ओल्या पाल्यावर, एका हातानं तुंब्याची मान धरून. गाडी गावातून निघाली तेव्हा दारादारात माणसं उभी होती आणि नाकातून हूंऽऽऽ निघत होतं. मी हात हलवला. राणी असती तर इतका हलवला नसता.

वारा सुयांसारखा लागत होता. जंगलात शिरलो तसा मला हाताखाली फरक जाणवायला लागला. तुंब्याचा सूर आधी भरलेला होता, तो बारीक होत चालला. मला वाटलं, माझेच कान गारठले. अस्वलचढाच्या पायथ्याशी तो सूर शिटीसारखा झाला. चढ लागला. दादानं जोर दिला, गाडीनं काळा धूर सोडला, अंगात आल्यासारखी थरथरली आणि बरोबर त्याच जागी, जिथं पहिल्यांदा बसली होती, बसली. चाकामागे दगड लावायला मी उडी मारली. वर मान केली तर समोर, वळणावर, शेकोटी पेटलेली होती. शेकोटीजवळ मोकळ्या बंड्या उभ्या, बैल रवंथ करत, आणि घोंगडं पांघरून कवडूकाका हात शेकत बसलेला.

"या," तो म्हणाला. "कवाचा वाट पाहून राह्यलो."

बा गाडीतून उतरला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. त्यानं कवडूकाकाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे नाही, दादाकडे नाही. तो टोपल्यांकडे पाहत होता, जिथून अजून एखाद्या मरळीची शेपटी पाल्यावर आपटल्याचा आवाज येत होता. दादा बोनट उघडून, "हवा नाई, हवाच नाई भेटून राह्यली," असं म्हणत होता. मी चाकावर चढले, तुंब्यावरची जाळी सोडली आणि हात आत घातला. हात बाहेर काढला तो कोपरापासून बोटांपर्यंत पांढरा. घट्ट, थंड, दाणेदार. तूप म्हणून वाढलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं.

टोळीचं तेल थंडीत गोठतं. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. दर हिवाळ्यात सकाळी तेलाची बुधली चुलीजवळ ठेवल्याशिवाय माझी वेणी होत नसे. गाडीच्या सगळ्या परीक्षा आम्ही भर दुपारी घेतल्या होत्या आणि आज ती शेकोटीला लागून उभी होती, म्हणून गावातून गात गात निघाली. मोटरीला थंडी वाजत असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला विचाराल तर ते देवीच्या तरी लक्षात यायला हवं होतं. हळदकुंकू तिनं घेतलं होतं.

कवडूकाका उठून आला. त्यानं माझा हात धरला, वास घेतला आणि इतका हसला की बैलांनी माना वळवल्या. "मोटरीले तूप पाजलं का व, गिरजे? बाळंतीण आये का थे?" त्याच्या गाडीवानांनी टोपल्या उतरवायला पुढे पाय टाकले. दादा म्हणाला, "जाळी काढून फेकतो अन् तशीच नेतो." पण त्याच्याच आवाजात दम नव्हता. उन्हाळ्यात तशीच नेऊन रिंगा गेल्या होत्या, आणि तो लाल फुफाटा चांद्यापर्यंत होता.

"थांब," मी म्हणाले. कवडूकाकाला मी आयुष्यात पहिल्यांदा 'थांब' म्हणत होते, तेही जी न लावता. "शेकोटी तं आये ना. वितळवू." मी तुंबा बांबूतून उपटला, घोसाळ्याच्या जाळ्या ओढून काढल्या आणि त्याच्या विस्तवापाशी जाऊन बसले. गोठलेलं तेल वितळून निखाऱ्यांवर पडायला लागलं, विस्तव फुरफुरला, मोहाचा जळका वास सुटला. दादानं बांबूतला गोळा काठीनं ढकलून काढला. जाळ्या मोकळ्या झाल्या, कोरड्याठाक. आणि तेव्हा कळलं की आता घालायला तेल नाही; कोरडी जाळी धूळ धरत नाही. मी इकडे तिकडे पाहिलं. कवडूकाकाच्या बंडीखाली, आसाजवळ, वंगणाचा बांबूचा नळा लोंबत होता. चाकाला घालायचं एरंडीचं तेल. ते पौषातच काय, कशातच गोठत नाही.

मी नुसतं त्या नळ्याकडे पाहिलं. कवडूकाकानं माझी नजर पाहिली आणि त्याचं हसू गेलं. तो बाच्याकडे वळला. दोघं चुलतभाऊ त्या थंडीत समोरासमोर उभे राहिले, आणि मला वाटलं, आता पहिलं जाळं गेलं.

"लहानू," कवडूकाका म्हणाला, "खरं सांगू? तुह्या हातचं जाळं उघडते तसं माह्या हातचं नाई उघडत. माह्यावाल्या जाळ्याचा गोळाच पडते. साऱ्या गावासमोर मले कायले उभा करतं?" कवडूकाकानं वाकून नळा सोडला आणि माझ्या हातात दिला. "घे. पण सांगून ठेवतो, मी समोर बसणार. काचेजवळ."

एरंडीचं तेल घातलेलं नाक बसवलं. दादानं हँडल मारलं. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, मग तुंबा घुमला. हूंऽऽऽ! मी हौद्यात ओरडले, बासुद्धा ओरडला. बाला ओरडताना मी त्याआधी फक्त तळ्याच्या पलीकडल्या काठाशी बोलताना पाहिलं होतं. गाडीनं ओझ्यासकट चढ घेतला. सूर चढत चढत गेला, वळणावर थोडा अडखळला, माझं काळीज त्याच्याबरोबर अडखळलं, आणि माथ्यावर पोचल्याबरोबर एकदम मोकळा झाला. पूर्वेला तांबडं फुटत होतं. मागे वंगणाशिवाय गावाकडे परतणाऱ्या बंड्या अशा कुईंकुईं करत होत्या की दोन्ही आवाज एकाच वेळी ऐकताना मला हसू आवरेना.

चांद्याच्या बाजारात आम्ही पोचलो तेव्हा व्यापारी अजून दात घासत होता. त्यानं गलफडं दाबायला बोट पुढे केलं आणि मरळीनं उसळी मारून त्याच्या धोतरावर पाणी उडवलं. माणसं गाडीभोवती जमली. एकानं तुंब्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आये, भाऊ? नजर लागू नये म्हणून का?" दादानं तोंड उघडलं, मी तोंड उघडलं, पण कवडूकाका आधीच काचेजवळून उतरला होता. एक हात बोनटवर ठेवून तो म्हणाला, "थे आमच्या मोटरीचं नाक आये. तुले नाई समजन. बैलाचं तेल लागते त्याले."

'आमच्या' मोटरीचं. बानं माझ्याकडे पाहिलं. जेवण नव्हतं, म्हणून हसला.

उन्हं कलता कलता घरी आलो. मला सगळं एका दमात सांगायचं होतं: गोठलेलं तेल, शेकोटी, नळा. पण मायनं हातपाय धुवायलाही सांगितलं नाही, सरळ ताट वाढलं. भात गार होता, गच्च होऊन गोळा झालेला. माझी माय आणि गार भात! आमच्या घरात पाहुणा दाराशी आल्यावर तांदूळ वैरायची रीत होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"सकाळी चढावर आवाज थांबला," ती म्हणाली. "माह्या हातात सूप होतं, तांदूळ होता. तशीच बसून राह्यली. सखूले म्हटलं, बोलू नको, आयकू दे. लय वेळ काईच नाई. मंग पुन्हा घुमला, अन् चढून वर मोकळा झाला. तवा उठली अन् भात टाकला."

"पण माय, आमी तं आता आलो."

"हाव ना," ती म्हणाली. "पण मले तवाच टाकावा वाटला."

बानं त्या गोळ्यावर वरण ओतलं, कालवलं, आणि पुन्हा वाढ म्हणून ताट पुढे केलं.